वेगळीच लागते हं!

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा रोलंड ऑटवेल याला खुर्चीत बसलेला मी आयुष्यात फार तर दहा-बारा वेळा पाहिला असेल, आणि त्यातल्या निम्म्या वेळा त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता. एरवी हा माणूस कायम उभा. चहा उभ्याने, वर्तमानपत्र उभ्याने, बायकोशी भांडण तर जिना चढता-उतरता. बायको म्हणजे माझी बहीण ग्लेंडा. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी ती अजून त्याला म्हणते, "रोलंड, जरा बूड टेक." तो म्हणतो, "टेकतो, टेकतो," आणि मागच्या दारातून शेडकडे सटकतो.

आमच्या बर्टन गावात दर दुसऱ्या घरामागे लाकडी शेड असते. कुणी तिच्यात सायकली ठेवतं, कुणी कबुतरं पाळतं, कुणी नुसताच बायकोपासून लपतो. रोलंडच्या शेडमध्ये तीन मोठी पातेली, झाकणाच्या दोन पांढऱ्या बादल्या, रबरी नळ्या, स्वयंपाकघरातून पळवलेला तराजू आणि खिळ्याला सुतळीने टांगलेली एक वही. तिथे तो एक आड एक शनिवारी बियर करायचा, आणि तीही एकच, पेल एल. फिकट सोनेरी, कडवट, वर बोटभर फेस. आमच्या गावाचं पाणीच तिच्यासाठी जमिनीतून वर येतं असं इथले लोक मानतात, त्यामुळे इथे पेल एल बिघडवणाऱ्याला निमित्त सांगायची सोय नसते.

रोलंडची कधी बिघडलीच नाही. अकरा वर्षं त्याची कृती तीच होती. तेवीस लिटर पाणी, क्लोरीन मारायची अर्धी गोळी, साडेचार किलो माल्ट, कडूपणासाठी सुरुवातीला उकळायचे हॉप्स आणि वासासाठी अगदी शेवटी टाकायचे वीस ग्रॅम हॉप्स. हॉप्स म्हणजे एका वेलीची हिरवी फुलं, वाळवलेली, आणि बियरचा जो काही वास असतो तो बराचसा त्यांचाच. एकोणीस नाही, एकवीस नाही, वीस. मी एकदा म्हटलं होतं, "अरे, जरा हात सैल सोड की, काय मोजत बसतोस!" तर म्हणाला, "हात सैल सोडणाऱ्यांची बियर तू प्यायली आहेस, एव्हिस." प्यायले होते. 

एव्हिस म्हणजे मी. त्यांच्या घरापासून तीन घरं सोडून राहते. सत्तावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. साडेतीनशे पोरांना वाढायचं म्हणजे गोड बोलून भागत नाही. माझी जीभ तिखट आहे हे मला कुणी सांगायला नको. केकच्या स्पर्धेत परीक्षक म्हणून मला एकदाच बोलावलं, परत नाही. आमच्या गल्लीत बायका नवी टोपी घेतली की दोन दिवस माझ्या दारावरून जायचं टाळतात. हे सगळं आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते माझ्यासारखीने करायला नको होतं.

रोलंड अडतीस वर्षं माल्टच्या कारखान्यात होता. बार्ली भिजवायची, मोड आणायचे आणि मग भट्टीवर वाळवायची, हे तिथलं काम. भट्टी कधी थांबवायची ते रोलंड सांगायचा. दार किलकिलं करून नाक आत घालायचा, एक श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "सात मिनिटं." कॉलेजातून आलेली पोरं यंत्रं घेऊन यायची, आकडेमोड करायची आणि शेवटी सहा-सात मिनिटांवरच येऊन थांबायची. निवृत्त झाला तेव्हा कारखान्याने त्याला घड्याळ दिलं. त्याने ते शेडमध्ये टांगलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पातेलं चढवलं.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्याला ताप आला. चार दिवस अंथरुणात, म्हणजे त्याच्या हिशेबाने अर्धं आयुष्य. उठला, आणि उठल्यापासून कृतीत हात घालायला लागला.

आधी आम्हाला वाटलं, चला, म्हाताऱ्याला नवा छंद लागला. पण ते तसं नव्हतं. तो घाबरल्यासारखा करायचा. शनिवारी बियर चढवायची, रविवारी तिचं झाकण उघडायचं, सोमवारी परत उघडायचं. बादलीत डोकं खुपसून उभा. हॉप्सवाल्याला फोन करून विचारायचा, "माल जुना देतोस का रे मला?" यीस्ट बदललं. बादली बदलली. ग्लेंडाने भांडी घासायचा साबण बदलला असं म्हणून तिच्यावर घसरला.

"तुझ्या त्या लिंबाच्या साबणाने घात केला माझा."

"लिंबाचा नाहीये तो, रोलंड. गुलाबाचा आहे. गेली तीन वर्षं तोच आहे."

तो तिच्याकडे बघत राहिला आणि बाहेर गेला. ग्लेंडाने हे मला हसत सांगितलं होतं. मीही हसले.

आता क्लबाबद्दल सांगायला हवं. घरी बियर करणाऱ्यांचा आमच्याकडे एक क्लब आहे. महिन्यातल्या पहिल्या शनिवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये अठरा-वीस माणसं जमतात. खुर्च्या गोल मांडतात, एकेकाची बाटली फिरते, प्रत्येकाने घोटभर ओतून घ्यायची आणि पुढे देण्याआधी काहीतरी बोलायचं. तिथला एक अलिखित नियम असा की करणाऱ्याच्या तोंडावर त्याच्या बियरला नाव ठेवायचं नाही. आवडली तर 'छान' म्हणायचं. नाही आवडली तर 'वेगळीच लागते हं!' म्हणायचं. आणि अगदीच गटारात ओतण्याच्या लायकीची असली तर 'बाटली सुंदर आहे'. ज्याला ऐकायचं असतं त्याला बरोबर ऐकू येतं. आम्ही बियर न करणारी माणसंही जातो, कारण शनिवारी दुपारी बर्टनमध्ये दुसरं काय करणार!

मार्चमधल्या शनिवारी रोलंडची बाटली फिरली. मी घोट घेतला आणि लहानपणी ढोपर फुटल्यावर आई बाटलीतलं जे औषध लावायची ते आठवलं. तोच वास, दवाखान्याचा. क्लबाचा अध्यक्ष लायोनेल, ज्याच्या मिशीला सकाळीच फेस लागलेला असतो, त्याने ग्लास उजेडात धरला, बराच वेळ धरला आणि म्हणाला, "वेगळीच लागते हं!" शेजारचा म्हणाला, "वेगळीच." मी म्हणाले, "वेगळी आहे खरी." शेवटच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याने तर बाटली फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाला, "बाटली सुंदर आहे."

रोलंडच्या बियरबद्दल असं त्या हॉलमध्ये कुणी कधी बोललं नव्हतं. मला वाटलं, आता हा भडकणार. तो भडकला नाही. त्याने खिशातून चिठ्ठी काढली, काहीतरी लिहिलं आणि पटकन निघून गेला. संध्याकाळी कुंपणावरून मला म्हणाला, "पाण्याची गोळी टाकायची राहिली होती. नळाचं क्लोरीन तसंच आत गेलं." आणि चेहरा असा उजळलेला, की जणू कुणी त्याला बक्षीस दिलंय. मला त्याचा अर्थ तेव्हा कळला नाही.

पण एप्रिलमध्येही वेगळीच लागली. आणि त्या दिवशी रोलंडने बाटल्या पिशवीत भरल्या आणि उभ्या उभ्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ऑक्टोबरमधल्या आपल्या बियरच्या प्रदर्शनापर्यंत पूर्वीची जमली तर ठीक. नाही जमली तर पातेली, बादल्या, सगळं विकून टाकतो आणि घरी बसतो."

'घरी बसतो' हे ऐकलं आणि ग्लेंडाने माझा दंड धरला.

आमचे वडील रेल्वेत होते. निवृत्त झाले, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले आणि सात महिन्यांत गेले. काही आजार नव्हता. डॉक्टरने सर्टिफिकेटवर काहीतरी लिहिलं, पण आम्ही दोघी बहिणींनी डोळ्यांनी पाहिलं होतं त्यांना काय झालं ते. रोलंड त्याच जातीचा. हातातलं काम काढून घेतलं की हा माणूस उरणार नाही, हे ग्लेंडाला पक्कं ठाऊक होतं आणि मलाही.

म्हणून त्या आठवड्यात ती घरोघर गेली. लायोनेलकडे गेली, शेवटच्या खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे गेली, सगळ्यांकडे गेली. माझ्याकडे सगळ्यात शेवटी आली, कारण मी नाही म्हणेन याची तिला भीती होती.

"एव्हिस, फक्त छान म्हण. घोटभर प्यायची आणि छान म्हणायचं. एवढंच."

"आणि नसली छान तर?"

"तर काय बिघडतं गं? बियरच आहे ती. तो माझा नवरा आहे."

मी हो म्हणाले. साठ वर्षांत माझ्या बहिणीने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मलाही तो हवा होता, शेडमध्ये, उभा, कुरकुर करत.

मे महिन्यात सगळे छान म्हणाले. लायोनेलला तर जोर चढला. एखाद्याला कौतुक करायची परवानगी मिळाली की तो थांबत नाही, त्यातला लायोनेल. "रोलंड, काय वास आहे! संत्र्याचं साल, उन्हात तापलेलं. आणि मागे हळूच मध." वास होता कापलेल्या गवताचा. रोलंड त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होता.

"नक्की? संत्र्याचं साल?"

"अगदी!"

"जास्त नाही ना वाटत?"

"छे! उलट थोडा आणखी चालेल."

हे मूर्ख वाक्य लायोनेल नुसतं बोलायचं म्हणून बोलला. माणूस पाहुण्यांना आणखी एक बटाटा घ्या म्हणतो, तसं. रोलंडने ते लिहून घेतलं.

जूनमध्ये शेवटचे हॉप्स वीसचे चाळीस झाले. आम्ही छान म्हणालो. जुलैत ऐंशी. छान. ऑगस्टमध्ये एकशेचाळीस ग्रॅम. हिरवळ कापायच्या यंत्राची पिशवी आठवडाभर उन्हात विसरलात आणि मग तिच्यात तोंड घातलंत तर जे होईल ते त्या बियरचं झालं होतं. मी घरी आणलेली बाटली कुंडीतल्या जिरेनियमला घातली आणि दार लावून घेतलं, कुणी बघायला नको म्हणून. माझ्याच घरात.

आणि गंमत ही, की कौतुक वाढत गेलं तसा रोलंड जास्तच सैरभैर झाला. मला वाटायचं, आता तरी हा शांत होईल, सगळं गाव छान म्हणतंय. पण त्याचं उलटंच. जेवताना उठायचा. रस्त्याने चालताना मध्येच थांबायचा आणि माघारी वळायचा. एका रविवारी ओव्हनमध्ये बटाटे जळून कोळसा झाले, स्वयंपाकघर धुराने भरलं आणि हा ओव्हनला पाठ टेकून क्रिकेटचे आकडे वाचत उभा. ग्लेंडा किंचाळत आत आली. "रोलंड! नाक आहे का काय आहे!" तो म्हणाला, "विचारात होतो." आम्ही म्हटलं, वय झालं, लक्ष नसतं याचं. जेवणावर मोहरीची चटणी थापायचा, मिठाची बरणी पुढ्यात घेऊन बसायचा. आम्ही म्हटलं, चव बदलते वयाने. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला काहीतरी उत्तर तयार होतं.

मला झोप नीट लागेनाशी झाली, हे मी कबूल करते. एका खोट्यासाठी नाही. आयुष्यात खोटं कुणी बोलत नाही? पण तो दर वेळी बाटली घेऊन माझ्या दारात यायचा, तो माझ्याकडेच जास्त यायचा. "तू सांग, एव्हिस. बाकीचे काहीही बोलतात." आणि मी म्हणायचे, "छान आहे रे." आणि तो एक क्षण थांबायचा, मी आणखी काही म्हणेन म्हणून. मग जायचा. ते थांबणं मला छळायचं.

ऑक्टोबरचा पहिला शनिवार उजाडला. प्रदर्शनाच्या बाटल्या संध्याकाळी पाचच्या आत टेबलावर ठेवायच्या होत्या. तीन वाजता रोलंड हॉलमध्ये आला, चांगला कोट घालून, आणि खुर्च्यांच्या मधोमध तीन बाटल्या ठेवल्या. खडूने आकडे घातलेले. एक, दोन, तीन.

"ऐका. एक नंबर ही जुनी कृती, अकरा वर्षांची. दोन नंबर ही नवी. तीन नंबर दोन्हींच्या मधली. कुठली प्रदर्शनात ठेवू ते तुम्ही सांगायचं. तुम्ही म्हणाल ती."

बाटल्या फिरल्या. मी एक नंबर प्यायले. गवत. दोन नंबर. गवत. तीन नंबरही गवतच. मला वाटलं, माझीच जीभ बधिर झाली. जुनी कृती अशी कशी लागेल? ती तर माझ्या ओळखीची होती. पण तेवढ्यात लायोनेल खाकरला.

"प्रश्नच नाही. दोन नंबर. एक नंबर, जुनी ती जुनीच, चांगली आहे, पण साधी. तीन नंबरमध्ये तुझा निर्णय होत नाहीये, रोलंड, जाणवतं ते. पण दोन! दोनमध्ये तू पोचलास."

"दोन," शेजारचा म्हणाला.

"दोनच. जमीन-अस्मानाचा फरक आहे."

गोलभर दोन-दोन होत गेलं. ग्लेंडा म्हणाली, "दोन, राजा." मग माझी पाळी आली. रोलंड माझ्याकडे बघत होता. मला तिन्ही सारख्या लागल्या होत्या. एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं, ग्लेंडाकडे नजर गेली आणि म्हणाले, "दोन."

रोलंडने मान हलवली. मग तो खुर्चीत बसला. स्वतःहून.

"तिन्ही एकाच बादलीतल्या आहेत," तो म्हणाला.

लायोनेलच्या हातात ग्लास तसाच होता.

"फेब्रुवारीतल्या तापापासून मला वास येत नाही," रोलंड म्हणाला. आवाज चढवला नाही, हिशेब सांगावा तसं बोलत होता. "कडू कळतं, गोड कळतं, खारट कळतं. वास नाही. हॉप्स नाहीत, माल्ट नाही, साबण नाही, धूर नाही. ग्लेंडा नाही. रात्री कुशीवर वळलो की तिथे कुणी आहे हे हाताने चाचपून बघतो. मी म्हटलं, ठीक आहे, माझं एक नाक गेलं, हॉलमध्ये अठरा आहेत. मार्चमध्ये तुम्ही वेगळीच म्हणालात आणि मी पाण्याची चूक शोधून काढली. घरी जाऊन नाचलो मी. म्हटलं, जमतंय. मग मे आला आणि सगळं छान झालं. चाळीस केले, छान. ऐंशी, छान. मी वाट बघत होतो कुणीतरी थांब म्हणेल. मला कसं कळणार कुठे थांबायचं?"

"अरे, सांगायचंस तरी एकदा!" लायोनेल म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

"सांगितलं असतं तर तुम्हाला माझी कीव आली असती. कीव आलेला माणूस बियर कशी लागते ते सांगत नाही, बरं वाटेल ते सांगतो."

ग्लेंडा रडायला लागली. "मी सांगितलं होतं सगळ्यांना. तू विकून टाकतो म्हणालास म्हणून. मी घरोघर गेले होते, रोलंड."

त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझं मी समजू शकतो," तो म्हणाला. "लायोनेल तर जन्मापासून असाच." आणि मग माझ्याकडे वळला. "पण एव्हिस, तू?"

मला साडेतीनशे पोरांना एका शब्दात गप्प करता येत होतं. त्या दिवशी मी माझ्या ग्लासाकडे बघत बसले, आणि तो उठून बाटल्या पिशवीत भरायला लागला. प्रदर्शनात त्या वर्षी रोलंडची बाटली नव्हती.

त्याने पातेली विकली नाहीत. ग्लेंडाच्या जिवात जीव आला. डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, कदाचित नाही येणार, दिवसातून दोनदा लवंग हुंगत जा. तो सकाळ-संध्याकाळ लवंगेची डबी नाकाशी धरून शेडच्या दारात उभा असायचा. क्लबात गेला नाही. नोव्हेंबरमध्ये वहीतलं जुनं पान उघडून अकरा वर्षांची ती कृती त्याने ओळीने केली, पाण्याच्या गोळीपासून वीस ग्रॅमपर्यंत. डिसेंबरात एका सकाळी अकराच्या सुमारास ग्लेंडा माझ्या दारात आली. "तुला बोलावतोय. शेडमध्ये." आणि माझा हात दाबून म्हणाली, "या वेळी काहीही म्हण, एव्हिस. मी काही सांगत नाही तुला."

शेडमध्ये थंडी होती. त्याने ग्लास भरून माझ्या हातात दिला आणि वहीत पेन्सिल घालून उभा राहिला. मी ग्लास नाकाशी नेला.

तीच होती. काय सांगू! लायोनेलचं ते थापेबाज संत्र्याचं साल, ते खरंच तिथे होतं, आणि खाली गरम बिस्किटासारखा माल्ट, आणि शेवटी स्वच्छ कडूपणा, जिभेवरून सरळ निघून जाणारा. मला भरून आलं. मी बियरसाठी डोळे पुसणारी बाई नव्हे.

"रोलंड, हीच ती. अगदी हीच."

"पुढे?"

"पुढे काय? छान आहे!"

त्याने पेन्सिल खाली ठेवली. "तो शब्द नको मला."

"बरं, नाही म्हणत. संत्र्याच्या सालीचा वास आहे…"

"तो मे महिन्यातही होता."

"मे महिन्यात नव्हता! मे महिन्यात गवत होतं! जूनमध्ये गवत होतं, ऑगस्टमध्ये तर गोठा होता, मी कुंडीत ओतली ती! आणि ते जिरेनियम मेलं, हवं तर दाखवते कुंडी! आता नाहीये गवत. आता बरोबर आहे. कळतंय का तुला?"

मला वाटलं, ओरडल्यावर तरी पटेल. जुनी एव्हिस बोलतेय म्हणेल. त्याने खरंच लक्ष देऊन ऐकलं, अगदी सगळं. मग म्हणाला, "हेसुद्धा तू माझ्या भल्यासाठीच म्हणत असशील."

मी ग्लास रिकामा करून पुढे केला. "ओत." त्याने ओतली. मी प्यायले आणि पुन्हा ग्लास पुढे केला. नाताळला शेरी वाइनचा एक छोटा ग्लास घेणारी बाई मी, सकाळी अकरा वाजता थंडीत उभी राहून तिसरा ग्लास प्यायले, कारण जे आवडत नाही ते माणूस तीन वेळा मागत नाही, एवढं तरी याला कळावं. तो माझ्या ग्लासाकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "स्वतःला त्रास नको देऊ, एव्हिस. पुरे आता."

"आईची शपथ, रोलंड."

त्याने माझ्या हातातून ग्लास घेतला. तळाशी थोडी उरली होती. सवयीने नाक आत घातलं, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला, भट्टीच्या दारात घ्यायचा तसा. थांबला. पुन्हा घेतला. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"आहे इथे?"

"आहे."

"नक्की?"

मी नक्की म्हटलं. चार-पाच वेळा म्हटलं, शेवटी तर मला रडू यायला लागलं. त्याने समजुतीने मान डोलावली, माझ्या खांद्यावर थोपटलं आणि वहीकडे वळला. पुढच्या शनिवारसाठी तराजूवर हॉप्स टाकले. काटा विसावर येऊन थांबला. तो त्या काट्याकडे बराच वेळ बघत उभा होता, आणि मग त्याने दोन बोटांनी चिमूटभर उचलून परत पिशवीत टाकले.